आजोबांच्या चार ट्रंका: राजकीय कागदपत्रं ग्रंथालयात जाऊन पुढे कोणी वापरतं का?

सई_कृष्णाकाठ | ५ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वाई तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराची वाटणी होतेय आणि माळ्यावर आजोबांच्या चार पत्र्याच्या ट्रंका आहेत. आजोबा सेवादलातून समाजवादी पक्षात आले. पुढे संयुक्त महाराष्ट्र समितीचं तालुक्यातलं बरंच काम त्यांच्याकडे होतं. आमदार वगैरे कधी झाले नाहीत. एकदा निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. पण आलेला कागद त्यांनी कधी टाकला नाही.

वरवर पाहिलं तेव्हा सापडलं ते असं: सभांची हस्तपत्रकं, बैठकांची इतिवृत्तं, वर्गणीच्या पावत्यांच्या स्थळप्रती, निळ्या पेन्सिलीने खुणा केलेल्या मतदारयाद्या, १९७२ च्या दुष्काळातल्या कामांच्या नोंदी. आणि लोकांची पत्रं. विहीर मंजूर होत नाही, पोराला नोकरी बघा, भावकीत बांधावरून भांडण आहे, या एकदा. अशी शेकडो.

धाकटे काका म्हणतात, रद्दीवाल्याला बोलवा. गावातल्या काही मंडळींना समितीच्या मोठ्या नेत्यांच्या सहीची तीन पोस्टकार्डं हवी आहेत, सभागृहात फ्रेम करून लावायला. बाकीचं त्यांना नको. मला दोन्ही पटत नाही, पण ‘मग ठेवून काय करणार?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून विचारते. असे कागद खरंच कोणी संशोधक वापरतात का? द्यायचे तर कुठे? आणि देताना काय लिहून घ्यावं? दिवाळीच्या आत घर मोकळं करायचं आहे.

---

दवबिंदू | ५ जुलै, रात्री १०:०२

रद्दीत अजिबात नको! बाकी जाणकार सांगतीलच. वाचतेय.

---

जुना_ग्रंथपाल | ५ जुलै, रात्री ११:१५

सईताई, आधी एक विनंती. ती पोस्टकार्डं अजून बाहेर काढली नसतील तर काढू नका. काढली असतील तर ज्या गठ्ठ्यातून काढली तिथेच परत ठेवा.

मी तीस वर्षं ग्रंथालयात काढली, त्यातली शेवटची अकरा हस्तलिखितं आणि खासगी कागदपत्रांच्या विभागात. पुस्तक एकटं उभं राहू शकतं. त्याला नाव असतं, लेखक असतो, साल असतं. सुट्या कागदाला बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. तुमच्या आजोबांच्या हस्तपत्रकांवर ‘येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता’ एवढंच छापलेलं असेल, साल नसेल. पण ते पत्रक ज्या गठ्ठ्यात आहे त्यात त्याच्या वर-खाली तारखेच्या पावत्या असतील तर तो रविवार कोणता ते कळतं. गठ्ठा सोडून ‘पत्रकं एकीकडे, पावत्या एकीकडे’ असं नीटनेटकं लावलंत की ती तारीख कायमची गेली. घरची माणसं प्रेमाने हेच करतात आणि आमच्या पोटात गोळा येतो.

पेशवे दफ्तरात अजून ‘रुमाल’ हाच शब्द चालतो. कापडात बांधलेला गठ्ठा म्हणजे रुमाल. तुम्हीही तसंच करा. ट्रंक उघडली की आधी आतला फोटो. मग वरून खाली, जो गठ्ठा जसा निघेल तसा. धुतलेलं सुती कापड, नाडीने सैल बांधायचा, वर क्रमांकाची चिठ्ठी. कागदावर काही लिहायचंच असेल तर शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात, अगदी बारीक. पेन नको. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, कागद फाटतो. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, ते नंतर निघत नाही. डांबरगोळ्या असतील तर काढून टाका. कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या पुरचुंड्या ट्रंकेच्या कोपऱ्यात ठेवा, कागदाला लागू देऊ नका.

आणि वहीत यादी. ‘रुमाल १: पत्रं, अंदाजे ४०, १९५५–५८, एक फोटो’ इतकी त्रोटक चालेल. कुठल्याही संस्थेकडे यादी घेऊन गेलात की तुमच्याशी बोलण्याचा त्यांचा सूर बदलतो.

---

कोल्हापूरचा_गडी | ६ जुलै, सकाळी ७:३०

मी जरा उलटं बोलतो, राग नसावा. राजकारणातली माणसं आपलं चांगलं तेवढंच जपून ठेवतात. अडचणीचं पत्र आलं की चुलीत. नंतर वारस आणखी चाळून काढतात. मग उरलं ते वाचून संशोधक काय लिहिणार? गौरवग्रंथ? माझ्या मते ग्रंथालयांनी जागा आणि पैसा जुनी वर्तमानपत्रं वाचवण्यावर घालवावा. ती निदान सगळ्यांची होती.

---

धूळपाटी | ६ जुलै, दुपारी १:२०

गडीसाहेब, तुमची शंका रास्त आहे. म्हणूनच एकट्या संग्रहावर कोणी विसंबत नाही.

मी १९५७ च्या निवडणुकीवर, पश्चिम महाराष्ट्रापुरतं, पीएचडीचं काम करतेय. मोठ्या नेत्यांचे कागद दिल्लीत तीन मूर्तीला बसून पाहिले. पूर्वीचं नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालय, २०२३ पासून पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय. काँग्रेस महासमितीचं दफ्तर तिथे आहे, हिंदू महासभेचं आहे, शेकडो व्यक्तींचे खासगी कागद आहेत. त्या कागदांतून वर काय ठरलं ते कळतं. ठरलेलं खाली गावात पोचलं का, कोणी पोचवलं, कोणी अडवलं, हे त्यात क्वचितच दिसतं. ते तालुक्याच्या कार्यकर्त्याच्या ट्रंकेत असतं, आणि या ट्रंका ग्रंथालयापर्यंत येतच नाहीत, कारण घरच्यांना वाटतं, ‘आमचे आजोबा कुठे एवढे मोठे होते!’

दुसरी बाजूही ऐका. माणसाने स्वतः जाळलेलं पत्र कधीकधी सरकारने जपलेलं असतं. १९२९ च्या मीरत खटल्यात पोलिसांनी मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत छापे घातले, कामगार पुढाऱ्यांच्या घरातून आणि युनियनच्या कचेऱ्यांतून पत्रं, वह्या, पत्रकं उचलली आणि क्रमांक घालून पुरावा म्हणून कोर्टात मांडली. गिरणी कामगारांच्या चळवळीचा अभ्यास करणारे आज तेच कागद वाचतात. मुंबई सरकारच्या गुप्त अहवालांचंही तेच. स्वातंत्र्यानंतर त्यातलं बरंच निवडून राज्य सरकारने स्वातंत्र्यलढ्याची साधनं म्हणून छापलं, पहिले दोन खंड १९५७ आणि १९५८ साली. पोलिसाच्या अहवालात पूर्वग्रह असतो, कार्यकर्त्याच्या वहीत अभिमान असतो. एकाच सभेचं दोघांनी लिहिलेलं शेजारी ठेवलं की मधली वस्तुस्थिती हाताला लागते.

सईताई, मोठ्यांच्या सह्या मला हव्यातच. पण त्याआधी पावत्या आणि मतदारयाद्या बघू द्याल का?

---

कोल्हापूरचा_गडी | ६ जुलै, दुपारी ४:०५

@धूळपाटी, हे पटलं. मीरतचं माहीत नव्हतं.

आमच्याकडचं एक उदाहरण तुमच्याच बाजूने देतो. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या. ही नुसती आठवणीतली गोष्ट राहिली असती तर लोकांनी ‘असं काही नव्हतंच’ म्हणायला कमी केलं नसतं. पण हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये छापलेला आहे, तारखेसकट. विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्राने महाराजांचे कागद खंडाखंडाने छापले तेव्हा त्या हुकुमाच्या मागचा-पुढचा पत्रव्यवहारही वाचता आला. कोणी विरोध केला, कोणत्या भाषेत केला, सगळं.

तरी वर्तमानपत्रांचं माझं म्हणणं कायम.

---

नागनदीकाठचा | ६ जुलै, रात्री ८:५०

वर्तमानपत्रं की कागदपत्रं, हा वाद आम्हाला परवडण्यासारखा नाही. आमच्या चळवळीचं दोन्हीही मोठ्या ग्रंथालयांनी वेळेवर घेतलं नाही. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाला. त्याचे अंक जपले ते माणसांनी, आपापल्या खोल्यांत. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांची पत्रं, कात्रणं, पत्रकं गोळा करण्यात हयात घालवली. त्यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ ला आला, बाबासाहेब हयात असताना. तो संग्रह पुढे मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला आणि देश-परदेशच्या अभ्यासकांना वापरता आला. आमचे नागपूरचे वसंत मून यांनी राज्य सरकारसाठी समग्र वाङ्मयाचे खंड संपादित करताना तेच व्रत चालवलं.

ग्रंथपालकाकांच्या गठ्ठ्याच्या मुद्द्याला यात पुरावा आहे. बाबासाहेबांचे अप्रकाशित कागद त्यांच्या निधनानंतर वर्षानुवर्षं कोर्टाच्या ताब्यात पेट्यांमध्ये होते. ‘रिडल्स इन हिंदुइझम’चं सलग, शेवटचा हात फिरवलेलं हस्तलिखित संपादकांना मिळालंच नाही. सुट्या प्रकरणांच्या टंकलिखित प्रती जुळवून १९८७ मध्ये खंड छापावा लागला. पुढे त्यावर केवढं रान उठलं हे इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तीस वर्षं पेटीत पडलेल्या कागदांसाठी मुंबईत दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले. कोणी वापरतं का, असं सईताईंनी विचारलंय म्हणून सांगितलं.

---

अबोली७१ | ७ जुलै, सकाळी १०:११

माझा अनुभव कडू आहे, पण सांगायला हवा. माझे सासरे कामगार चळवळीत होते. ते गेल्यावर आम्ही सात खोकी कागद एका ग्रंथालयाला दिले. फुलांचा हार, चहा, वर्तमानपत्रात फोटो, सगळं झालं. चार वर्षांनी माझ्या नणंदेला रविवारच्या जुन्या बाजारात फूटपाथवर सासऱ्यांच्या अक्षरातली वही दिसली. तिने ती वीस रुपयांना विकत घेतली. ग्रंथालयात विचारलं तर जुने कर्मचारी निवृत्त झालेले, नोंदवहीत फक्त ‘सात खोकी, मिळाली’. आत काय होतं याची यादी त्यांच्याकडे नव्हती, आमच्याकडेही नव्हती. भांडायचं तरी कशाच्या जोरावर? संस्थेचं नाव घेत नाही. तिथे आता नवी माणसं आहेत आणि ती मनापासून काम करतात.

सई, यादीच्या दोन प्रती कर. एकीवर सही-शिक्का घे. हार नको म्हण.

---

जुना_ग्रंथपाल | ७ जुलै, सकाळी १०:४०

अबोलीताई, वाचून फार वाईट वाटलं. आमच्या व्यवसायाच्या वतीने माफी मागतो.

असं का होतं तेही सांगायला हवं. संग्रह स्वीकारायला एक दिवस लागतो, सूची करायला वर्ष-दोन वर्षं लागतात. त्यासाठी हस्ताक्षर वाचणारा, त्या काळाचं राजकारण समजणारा, जुनी कागदपत्रं असतील तर मोडीही जाणणारा माणूस लागतो. अशा माणसाची जागा भरली जात नाही, किंवा भरली तर सहा महिन्यांच्या कंत्राटावर. सूची नसलेला संग्रह वाचकाला दिसत नाही, म्हणून तो कोणी मागत नाही, म्हणून ‘याला मागणी नाही’ असा शेरा पडतो, आणि पुढची खोली रिकामी करायची वेळ आली की पहिला तोच बाहेर जातो. संशोधनमूल्य नव्हतं म्हणून नव्हे, कोणी नोंद केली नाही म्हणून.

तेव्हा देण्याआधी संस्थेला विचारायचं: सूची कोण करणार आणि कधीपर्यंत? उत्तर गोलमोल आलं तर पुढची संस्था.

---

मांडवीकाठ | ७ जुलै, दुपारी ३:३०

गोव्यातून लिहितेय. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आमच्या घरात अजून जेवणाच्या पानावर निघतो. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. निकाल कुठल्याही पुस्तकात मिळेल: १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. चौतीस हजार एकवीस मतांचा फरक.

माझी आजी फुलाची, तिचा सख्खा भाऊ दोन पानांचा. दोघांनी आपापली पत्रकं जपली, एकाच कपाटात, वेगवेगळ्या खणात. मराठीत छापलेली, कोंकणीत छापलेली, रोमी लिपीतली. जमिनीचं काय होणार, नोकऱ्या कोणाला मिळणार, देवळांचं काय, दारूबंदी येईल का. माणसं कशाकशाला घाबरली होती आणि कशावर त्यांची आशा होती ते त्या पत्रकांत आहे. निकालाच्या आकड्यांत ते सापडत नाही.

आईने दोन्ही खणांतलं एकत्र द्यायचं ठरवलंय. एकाच बाजूचं दिलं तर ते अर्धंच होईल, असं तिचं म्हणणं. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचं आहे. तिथे त्या वेळच्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली बघता येतात, म्हणजे गडींचंही समाधान. :)

---

कोल्हापूरचा_गडी | ७ जुलै, दुपारी ३:४२

झालं समाधान. आता माशांचा धागा काढा.

---

वकील_वाडेकर | ७ जुलै, रात्री ९:००

सईताईंच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

‘देणगी’ आणि ‘ठेव’ यांत फरक आहे. देणगी दिली की मालकी संस्थेची. ठेव ठेवली तर मालकी तुमची, सांभाळणं त्यांचं. संस्थांना देणगी आवडते, कारण पुढच्या पिढीने येऊन ‘आमचं परत द्या’ म्हटलं तर त्यांचं सगळं काम वाया जातं. मोठ्या घराण्यांच्या कागदांवरून असे वाद झालेत आणि अजून चालू आहेत. माझा सल्ला: देणगीच द्या, पण करारात लिहा की संस्थेने संग्रह फोडायचा नाही, विकायचा नाही, आणि सांभाळणं जमेनासं झालं तर तुम्हाला कळवून दुसऱ्या संस्थेकडे द्यायचा.

दुसरी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आजोबांना आलेल्या पत्राचा कागद आजोबांचा, पण त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यानंतर वारसांचा. तेव्हा पत्रं वाचायला देणं वेगळं आणि छापणं वेगळं.

तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. बांधावरची भांडणं, एखाद्या बाईने नवऱ्याविरुद्ध केलेली तक्रार, कर्जाच्या विनवण्या. त्यांची नातवंडं त्याच गावात राहतात. ज्यांनी ती पत्रं लिहिली त्यांनी ती तुमच्या आजोबांवर विश्वासून लिहिली होती, इतिहासासाठी नव्हे. असे रुमाल वेगळे दाखवून काही वर्षं बंद ठेवण्याची अट घालता येते. जाळू मात्र नका.

---

ऑस्टिनकर | ८ जुलै, पहाटे ५:५५

बंद ठेवण्यावरून आठवलं. मी टेक्सासमध्ये असतो. इथल्या विद्यापीठाच्या आवारात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचं ग्रंथालय आहे, १९७१ ला उघडलेलं. जॉन्सन आपले फोनवरचे संवाद ध्वनिमुद्रित करत. त्या फिती त्यांच्या मृत्यूनंतर ५० वर्षं उघडू नयेत अशी सूचना होती. ते १९७३ मध्ये गेले. पण इतका काळ थांबलं तर फिती खराब होतील म्हणून ग्रंथालयाने १९९० च्या दशकातच त्या ऐकून खुल्या करायला सुरुवात केली. तेव्हा मुदत घालताना कागदाचं आयुष्यही धरा.

मी संशोधक नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण आई लहानपणी रेशनवरच्या अमेरिकन धान्याबद्दल, मिलोच्या लाल भाकरीबद्दल सांगायची. १९६५–६७ च्या टंचाईत भारताला गहू एकदम न देता थोडा थोडा, हात आखडून सोडायचा असं जॉन्सन यांनी ठरवलं होतं. त्याचे कागद इथे आहेत असं कळल्यावर एका सुट्टीच्या दिवशी गेलो. नाव नोंदवलं, ओळखपत्र दाखवलं, दप्तर बाहेर ठेवलं, पेन्सिल मिळाली. खोका टेबलावर आला. कोण आहात, कशाला हवंय, कोणाची चिठ्ठी आणलीय, असं कोणी विचारलं नाही. कुठली बोट कधी सोडायची याच्या टिपणांवर बोट ठेवून मी आईला फोन केला.

इथे पूर्वी राष्ट्राध्यक्षांचे कागद त्यांची खासगी मालमत्ता समजत. वॉटरगेटनंतर, १९७८ मध्ये कायदा करून ते जनतेचे ठरवले. आपल्याकडे मुख्यमंत्र्यांचे, मंत्र्यांचे कागद पद सुटल्यावर कुठे जातात?

---

धूळपाटी | ८ जुलै, सकाळी ९:३०

@ऑस्टिनकर, सरकारी फाइल सरकारकडे राहते, खासगी पत्रव्यवहार घरी जातो, आणि दोहोंच्या मधलं बरंच काही नशिबावर. खुद्द मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागली तेव्हा किती फायली गेल्या ते आपण टीव्हीवर पाहिलं.

‘कोणाची चिठ्ठी आणलीय’ हे वाक्य काळजाला लागलं. एका ठिकाणी मला सलग तीन दिवस फक्त परवानगीसाठी बसवलं होतं. चौथ्या दिवशी कागद मिळाले ते एका शिपाईमामांमुळे. त्यांना प्रत्येक कपाट पाठ होतं. ते निवृत्त झाले की ती सूचीही गेली.

---

टेक_भावे | ८ जुलै, सकाळी ११:००

एवढी चर्चा कशाला? फोनवर स्कॅन करा, ड्राइव्हवर टाका, लिंक इथे द्या. मूळ कागद गेले तरी काय बिघडलं?

---

जुना_ग्रंथपाल | ८ जुलै, दुपारी १२:१०

भावे, स्कॅन जरूर करावं. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’मुळे आज गावात बसून दिल्लीचे कागद बघता येतात, ही मोठी सोय आहे. पण चार ट्रंका म्हणजे काही हजार कागद. ‘आयएमजी ०४३७’ नावाच्या काही हजार फायलींत कोणाला काय सापडणार? हाताने लिहिलेली मराठी यंत्राला अजून धड वाचता येत नाही. प्रत्येक चित्राला नाव, रुमाल क्रमांक आणि पान द्यावं लागतं, म्हणजे सूचीचं काम चुकत नाही.

शिवाय कागदाची पाठ. कार्यकर्ते कागदाची काटकसर करत. जुन्या पत्रकाच्या मागे नव्या बैठकीचं टिपण असतं. घाईत स्कॅन करणारा पाठ उलटत नाही.

---

टेक_भावे | ८ जुलै, दुपारी १२:२५

पाठ! हे डोक्यातच आलं नव्हतं. सईताई, फायलींना आपोआप क्रमांक द्यायची छोटी प्रणाली बनवून देतो. पैसे नकोत.

---

सई_कृष्णाकाठ | १३ जुलै, रात्री १०:३०

मंडळी, आठवडाभर गावी होते. सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येक उत्तर दोनदा वाचलं.

काकांना अबोलीताईंची गोष्ट वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः शिडी धरायला आले. दोन ट्रंका झाल्या, एकोणीस रुमाल.

तिसऱ्या ट्रंकेत, अगदी तळाशी, आजोबांचं नसलेलं काहीतरी सापडलं. लाल पुठ्ठ्याची वही. आजीच्या हातची. आजी चौथीपर्यंत शिकलेली. ती घरी जेवून गेलेल्या माणसांचा हिशेब ठेवायची. तारीख, माणसं, पीठ, गूळ, चहापत्ती. कुठे नावं, कुठे नुसतं ‘मेढ्याकडची ४’. बहुतेक दिवशी तीन, पाच, सात. मग एका पानावर:

‘२९ नोव्हेंबर ५७. माणसे ६४. भाकरी. पीठ आळीत वाटले.’

खाली अकरा घरांची नावं आणि प्रत्येकापुढे शेराचं माप.

---

धूळपाटी | १३ जुलै, रात्री १०:४१

सईताई!!! तारीख बघा. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते झालं आणि समितीने पसरणीच्या घाटापासून पुढे रस्त्यावर निदर्शनं केली. तुमचं घर वाटेवर. ही ६४ माणसं आदल्या रात्री तुमच्याकडे जेवून पुढे गेली!

निदर्शनाबद्दल लिहिलेलं भरपूर आहे. कोणते नेते होते, घोषणा काय होत्या. पण एवढी माणसं डोंगरात थंडीच्या रात्री कुठे थांबली, काय खाल्लं, कोणी घातलं, याचा लेखी पुरावा मी आजवर पाहिलेला नाही. हात थरथरतोय टाइप करताना.

---

दवबिंदू | १३ जुलै, रात्री १०:५५

६४ माणसं, प्रत्येकी तीन धरल्या तरी १९२ भाकरी. चुलीवर. एका संध्याकाळी. बाई गं.

---

अबोली७१ | १३ जुलै, रात्री ११:०३

म्हणूनच पीठ आळीत वाटलं. अकरा घरं, घरटी सतरा-अठरा भाकरी. तिने हिशेब बरोबर बसवला होता.

---

नागनदीकाठचा | १३ जुलै, रात्री ११:२०

ती अकरा घरं कोणाकोणाची? सगळी एकाच आळीतली, एकाच जातीची, की वेगवेगळी? त्या काळी कोणाच्या घरची भाकरी कोणाला चालली हे त्यातून कळेल. कृपया बघा.

---

सई_कृष्णाकाठ | १५ जुलै, रात्री ९:१५

@नागनदीकाठचा, तुमचा प्रश्न घेऊन आत्याकडे गेले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, आता पंचाहत्तरी ओलांडलीय. वही पाहिल्यावर आधी बराच वेळ नुसता हात फिरवत बसली. मग एकेक नाव वाचून सांगू लागली. आठ घरं आमच्या आळीतली, मराठ्यांची. एक न्हाव्याचं, एक कोष्ट्यांचं. अकरावं नाव गावकुसाबाहेरचं. त्या घरच्या भाकऱ्या वेगळ्या टोपलीत ठेवा असं कोणीतरी म्हणालं आणि आजीने स्वतःच्या हाताने त्या बाकीच्यांत मिसळल्या. यावरून पुढे आळीत चार महिने अबोला होता म्हणे. हे वहीत नाही. आजोबांच्या इतिवृत्तातही नाही, मी शोधलं.

ठरलंय ते सांगते. पुण्यातल्या एका संस्थेशी बोलले. सूची कोण करणार याचं त्यांनी नाव घेऊन उत्तर दिलं, म्हणून तिथे. वकीलसाहेबांच्या अटी करारात घातल्या. लोकांच्या तक्रारींचे तीन रुमाल पंधरा वर्षं बंद राहतील. पोस्टकार्डं संग्रहातच जातील. गावच्या सभागृहासाठी त्यांच्या चांगल्या प्रती काढून दिल्या आणि मंडळींनी त्या आनंदाने घेतल्या. गावच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात यादीची एक प्रत आणि स्कॅनचा संच राहील, टेक_भावे यांच्या कृपेने. रविवारी ते स्वतः येताहेत. धूळपाटी, तुम्हीही या. मुक्कामाला या.

लाल वही द्यायची की ठेवायची, हे एकच अडलंय. आत्या म्हणते, अजून थोडे दिवस माझ्याजवळ राहू दे. मी बळजबरी करणार नाही. पण तिने सांगितलेलं विरून जाऊ नये म्हणून उद्यापासून फोनवर रेकॉर्ड करणार आहे. काही सूचना?

---

जुना_ग्रंथपाल | १५ जुलै, रात्री ९:४८

पंखा बंद करा, खिडकी लावून घ्या. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, गाव आणि आत्याचं पूर्ण नाव बोला, माहेरच्या नावासकट. मग वही त्यांच्या हातात द्या आणि पहिल्या पानापासून वाचू द्या. मध्ये त्या थांबल्या तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नका.